हवेतच ड्रोनच्या मोटर्स बंद पडू नयेत म्हणून या चुका टाळा

तीस मीटर उंचीवर स्थिर असलेल्या ड्रोनच्या चारही मोटर्स एकदम बंद झाल्या, तर तो जमिनीवर आदळेपर्यंत चालकाच्या हाती जेमतेम अडीच सेकंद असतात. हवेचा विरोध बाजूला ठेवून हिशेब केला, तर आदळण्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या वर जातो. इंजिन बंद पडले तरी विमान पंखांच्या आधाराने तरंगत खाली आणता येते आणि हेलिकॉप्टरचा पंखा वाऱ्यावर फिरता ठेवून ते उतरवता येते. चार पंख्यांच्या ड्रोनला यांपैकी काहीच साधत नाही, कारण त्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो आणि तोल सांभाळण्याचे सगळे काम चार मोटर्सच्या वेगातील फरकावर चालते. मांडवातल्या पाहुण्यांच्या डोक्यावर पडणारा २४९ ग्रॅमचा ड्रोनसुद्धा म्हणूनच हलका समजू नये.

ड्रोन पडला की ‘बॅटरी गेली असेल’ किंवा ‘माल खराब निघाला’ असे म्हणून अनेक जण मोकळे होतात. परंतु मोटर्स थांबण्याची कारणे मुळात वेगवेगळी असतात आणि पडण्याच्या पद्धतीवरून ती बरीचशी ओळखता येतात. पंखे थांबले, पण मोबाइलवरचे चित्र आणि उंचीचे आकडे जमिनीला टेकेपर्यंत येत राहिले, तर वीजपुरवठा शाबूत होता आणि मोटर्स बंद करण्याचा आदेश कोठून तरी गेला, अशी शंका आधी घ्यावी. चित्र आणि आकडे हवेतच एका क्षणात तुटले, तर बॅटरी किंवा तिची जोडणी तपासावी. ड्रोन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत, कलंडत खाली आला, तर बहुधा एकच मोटर किंवा एकच पाते निकामी झालेले असते.

बोटांतून नकळत जाणारा आदेश

यांतील पहिला प्रकार सर्वांत टाळण्याजोगा आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. डीजेआय या चिनी कंपनीच्या ड्रोनमध्ये मोटर्स सुरू करण्यासाठी रिमोटच्या दोन्ही स्टिक खाली आणि आतल्या बाजूला, किंवा खाली आणि बाहेरच्या बाजूला, कोपऱ्यात ओढून धरतात. हीच क्रिया मोटर्स बंदही करते. फँटम मालिकेतील सुरुवातीच्या ड्रोनमध्ये ती हवेतही तितक्याच तत्परतेने लागू होत असे. असे कोणी उडता उडता कशाला करेल, असे वाटते खरे. पण प्रत्येक स्टिकचे काम वेगळे करून पाहिले की धोका लगेच उमगतो.

आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मोड २’ या स्टिकच्या मांडणीत डावी स्टिक खाली घेतली की ड्रोन उतरतो आणि उजवीकडे नेली की तो स्वतःभोवती उजवीकडे वळतो. उजवी स्टिक खाली घेतली की तो मागे सरकतो आणि डावीकडे नेली की डावीकडे जातो. एखाद्या मंदिराच्या शिखराभोवती गोल फिरत, मागे सरत आणि खाली उतरत चित्रीकरण करायचे असेल, तर शिखर चौकटीत ठेवण्यासाठी चालकाला ड्रोन डावीकडे नेताना त्याचे तोंड उजवीकडे वळवावेच लागते. म्हणजे दोन्ही स्टिक खाली आणि आत! उलट दिशेने फेरी मारली, तर त्या खाली आणि बाहेर जातात. ज्या हालचालीने दृश्य सर्वांत देखणे येते, तीच हालचाल टोकापर्यंत नेली की मोटर्स बंद करण्याचा आदेश ठरते. घाईने उतरवताना, वारा वाढल्यावर किंवा बॅटरी संपत आल्याची सूचना वाजू लागल्यावर अंगठे आपोआप टोकाला जातात आणि त्या वेळी धोका अधिक असतो.

उत्पादकांनी पुढे यावर उपाय केले. फँटम ४मध्ये हवेत मोटर्स बंद करण्यासाठी डावी स्टिक खाली-आत धरून त्याच वेळी ‘रिटर्न टू होम’चे, म्हणजे ड्रोन आपोआप परत बोलावण्याचे, बटण दाबावे लागते, आणि हे नकळत घडणे अवघड आहे. नंतरच्या अनेक मॉडेलमध्ये दोन्ही स्टिकची जुनी क्रिया कायम राहिली, पण टक्कर झाली, मोटर अडकली, ड्रोन हवेत उलटा होऊ लागला किंवा ताब्याबाहेर वेगाने वर-खाली जाऊ लागला, तरच ती हवेत लागू होईल अशी मर्यादा घातली गेली. डीजेआय फ्लाय ॲपमध्ये ‘सेफ्टी’ विभागातील ‘ॲडव्हान्स्ड सेफ्टी सेटिंग्ज’मध्ये ‘इमर्जन्सी प्रॉपेलर स्टॉप’ ही नोंद सापडते. तेथे ‘इमर्जन्सी ओन्ली’ आणि ‘एनीटाइम’ असे दोन पर्याय असतात. बहुतेक चालकांनी पहिलाच पर्याय ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रोन जुना विकत घेतला असेल, तर आधीच्या मालकाने कोणता पर्याय ठेवला आहे हे पहिल्या उड्डाणापूर्वी पाहावेच. फिरत उतरण्याचे चित्रीकरण करताना दोन्ही स्टिक एकाच वेळी टोकाला न नेण्याची सवय मात्र सेटिंग कोणतेही असले तरी लावून घ्यावी. त्यासाठी उंची आधी कमी करून मग फेरी मारावी किंवा दोन्ही क्रिया हळू कराव्यात.

चूक होऊन मोटर्स थांबल्याच, तर काही मॉडेलमध्ये तीच क्रिया पुन्हा केल्यावर त्या हवेत सुरू होतात. तथापि अडीच सेकंदांत हे सुचणे, करणे आणि कलंडलेल्या ड्रोनने पुन्हा तोल सावरणे यावर भरवसा ठेवता येत नाही.

इतर ड्रोनमध्ये हा आदेश वेगळ्या रूपात असतो. पॅरट कंपनीच्या एआर ड्रोनच्या ॲपमध्ये मोटर्स तत्काळ थांबवणारे ‘इमर्जन्सी’ बटण मोबाइलच्या पडद्यावरच होते. टेलो ड्रोनवर प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘लँड’ आणि ‘इमर्जन्सी’ या दोन आदेशांत गल्लत करू नये. पहिला ड्रोन उतरवतो, दुसरा मोटर्स जागच्या जागी बंद करतो. शिक्षकांनी हा फरक पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावा.

स्वतः जुळवलेल्या एफपीव्ही ड्रोनमध्ये (चष्म्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचे दृश्य पाहत उडवायच्या ड्रोनमध्ये) हे संरक्षण जवळजवळ नसतेच. आर्म-डिसआर्मचा, म्हणजे मोटर्स सुरू-बंद करण्याचा, स्विच चुकून हलला की मोटर्स थांबतात, म्हणून तो बोट सहज लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि त्याच्या शेजारी वारंवार वापरायचा दुसरा स्विच नसावा. अशा ड्रोनच्या बीटाफ्लाइट या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये ‘मोटर स्टॉप’ हा पर्याय चालू राहिला, तर थ्रॉटल (पंख्यांना दिलेला जोर) शून्यावर येताच पंखे थांबू शकतात आणि त्यांच्याबरोबर तोलही जातो. फेलसेफसाठी, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटल्यावर काय करायचे यासाठी, ‘ड्रॉप’ निवडलेले असेल, तर सिग्नल ठरावीक वेळ तुटल्यावर मोटर्स बंद होणारच. मोकळ्या मैदानात, कोणी जवळ नसताना, ड्रोन दूर निघून जाण्यापेक्षा तो तेथेच पडलेला बरा, असा त्यामागचा विचार असतो. लोक जवळ असतील, तेथे असा ड्रोन उडवूच नये.

वीज तुटते तेव्हा

बॅटरी ‘क्लिक’ आवाज येईपर्यंत न बसवणे ही दिसायला क्षुल्लक, पण परिणामाने फार मोठी चूक आहे. गोप्रो कंपनीचा कर्मा ड्रोन बाजारात आल्यावर काही ड्रोनची वीज उडतानाच जाऊ लागली, तेव्हा नोव्हेंबर २०१६मध्ये कंपनीने विकलेले सुमारे २,५०० ड्रोन परत मागवले. दोष बॅटरी जागेवर धरून ठेवणाऱ्या खटक्यात निघाला, आणि सुधारित खटका घेऊन तो ड्रोन फेब्रुवारी २०१७मध्ये पुन्हा विक्रीस आला. त्याच वर्षी डीजेआयच्या स्पार्कबाबत हवेत वीज जाण्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर कंपनीने बॅटरीचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे सक्तीचे केले आणि १ सप्टेंबरपर्यंत ते न केल्यास ड्रोन उडणार नाही, असे जाहीर केले. फर्मवेअरची सूचना पुढे ढकलणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. बॅटरी बसवल्यावर दोन्ही बाजूंनी बोट फिरवून फट राहिली नाही ना, हे पाहावे. फुगलेली बॅटरी खटक्यात नीट बसत नाही आणि उडताना सुटू शकते. ती दाबून बसवण्याचा प्रयत्न न करता वापरातून काढावी.

तापमानाचेही तसेच आहे. डीजेआयचा ‘मिनी २’ हा ड्रोन ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये उडवण्यासाठी बनवलेला आहे. लडाखच्या सहलीत पहाटेच्या थंडीत बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो, आणि थ्रॉटल पूर्ण देताच व्होल्टेज इतका घसरतो की पडद्यावर टक्के शिल्लक दिसत असतानाही ड्रोन सक्तीने उतरू लागतो. अशा ठिकाणी बॅटरी खिशात गरम ठेवावी आणि सुरुवातीचे मिनिटभर ड्रोन कमी उंचीवर स्थिर ठेवावा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारचे उड्डाण टाळावे आणि बॅटरी बंद मोटारीत ठेवू नये. पूर्ण चार्ज करून काही आठवडे पडून राहिलेल्या बॅटरीच्या टक्क्यांवरही विश्वास ठेवू नये. ती उड्डाणाच्या दिवशी पुन्हा चार्ज करावी.

एकच मोटर थांबते तेव्हा

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजांचे कण असतात. मोटरमध्ये चुंबक असल्याने असे कण आत ओढले जातात आणि निघता निघत नाहीत. वाळूवरून थेट उड्डाण न करता उतरण्याची चटई वापरावी आणि घरी आल्यावर प्रत्येक पंखा हाताने फिरवून खरखर जाणवते का ते पाहावे. संक्रांतीच्या दिवसांत मांजा पंख्यात अडकला की मोटर अडकते आणि नियंत्रक तिचा पुरवठा तोडतो, त्यामुळे पतंगांचे आकाश ड्रोनसाठी सोडून द्यावे. पाती बदलताना त्यावरील खुणा जुळवाव्यात. एफपीव्ही ड्रोनमध्ये गरजेपेक्षा लांब स्क्रू वापरला, तर तो मोटरच्या वेटोळ्यांना टेकून शॉर्ट सर्किट करतो.

ड्रोन पडल्यावर तो लगेच पुन्हा चालू करून पाहू नये. आधी बॅटरी काढून मोकळ्या, न पेटणाऱ्या जागी काही काळ बाजूला ठेवावी, कारण आतून दुखावलेली लिथियम बॅटरी उशिराही पेट घेऊ शकते. त्यानंतर ॲपमधील उड्डाणाची नोंद उघडून शेवटच्या काही सेकंदांत स्टिक कोठे होत्या आणि बॅटरीतील प्रत्येक सेलचा व्होल्टेज किती होता, हे पाहावे. ही नोंद आणि मेमरी कार्डवरील चित्रण, दोन्हींची प्रत काढून ठेवल्याशिवाय ड्रोन दुरुस्तीला देऊ नये.