संशोधन संस्थांच्या ‘ओपन डे’ला मुलांना नेताना होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांनी या चुका टाळाव्यात

सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली २८ फेब्रुवारीला आपला प्रसिद्ध शोध जाहीर केला आणि १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी किंवा त्याच्या आसपास पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली होते. २०२७ मध्ये हा दिवस रविवारी येत असल्याने आई-वडील दोघेही मुलांबरोबर जाऊ शकतील. गर्दीचा त्रास सर्वांनाच होतो, परंतु घरी शिकणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना काही वेगळ्या अडचणी येतात आणि थोडी आधी तयारी केली तर त्यांतील बहुतेक टाळता येतात.

संस्था कोणत्या पातळीवर शिकवते, हे न पाहता जाणे

आयुका ही मुख्यतः संशोधनाची संस्था आहे. तेथील विद्यार्थी पीएच.डी. किंवा एम.एस्सी.च्या पातळीवरचे असतात; बारावीनंतर थेट तेथे प्रवेश मिळत नाही. तरीही ‘आमच्या मुलाला येथे यायचे आहे, दहावीनंतर काय करावे?’ या प्रश्नासाठी अनेक पालक तेथील कार्यकर्त्यांना अडवून धरतात. बारावीनंतरच्या शिक्षणाविषयी विचारायचे असेल तर पाषाणच्या आयसरमध्ये (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) किंवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयात चौकशी करणे योग्य ठरते. आयुकाला जावे ते तेथे चालणारे काम पाहण्यासाठी, आणि मुलालाही हे आधी सांगून ठेवावे.

‘शाळेचे नाव’ हा रकाना कसाबसा भरणे

नोंदणीच्या अर्जात शाळेचे नाव आणि इयत्ता विचारलेली असते. काही पालक तेथे जवळच्या शाळेचे नाव लिहून मोकळे होतात. असे कधीही करू नये, कारण खोटी माहिती भरल्याचे मुलाला समजते आणि आपले शिक्षण लपवण्यासारखे आहे असा अर्थ ते त्यातून काढते. रकान्यात ‘गृहशिक्षण’ असे स्पष्ट लिहावे, मुलाचे वय द्यावे आणि वयाचा पुरावा म्हणून आधार कार्डाची प्रत जवळ ठेवावी. प्रश्नमंजुषा, निबंध किंवा चित्रकला यांसारख्या स्पर्धांमध्ये पुष्कळदा शाळेमार्फतच नावे पाठवावी लागतात. वैयक्तिक प्रवेशिका चालते का, हे संस्थेला दोन-तीन आठवडे आधी ई-मेलने विचारावे. नकार आला तर तो घरीच सांगून टाकावा. दारात पोहोचल्यावर ऐकलेला नकार मुलाच्या मनाला फार लागतो.

मुलाच्या वतीने उत्तरे देणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. टेबलामागे उभा असलेला संशोधक विद्यार्थी समोरच्या मुलाला पहिला प्रश्न विचारतो तो ‘कितवीत आहेस?’ हा. त्यामागे चौकशीचा हेतू नसतो. आपण प्रकाशवर्षापासून सुरुवात करायची की वर्णपटापासून, एवढेच त्याला ठरवायचे असते. परंतु हा प्रश्न कानावर येताच आई किंवा बाबा पुढे सरसावतात, आम्ही शाळा का सोडली, सध्याची शिक्षणपद्धती कशी आहे, आमचा मुलगा स्वतःहून किती शिकतो, हे सारे सांगू लागतात आणि ज्या पाच-सात मिनिटांत मुलाला एका खगोलशास्त्रज्ञाशी बोलता आले असते, ती मिनिटे पालकांच्या समर्थनात निघून जातात. मूल तोवर पुढच्या टेबलाकडे पाहत असते. आपल्या निर्णयाला मान्यता मिळवण्याची गरज पालकांना वाटणे स्वाभाविक आहे, कारण नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी त्यांना वर्षानुवर्षे प्रश्न विचारलेले असतात. पण त्या गरजेचा भार मुलाच्या दिवसावर पडू देऊ नये.

यावर उपाय साधा आहे. ‘मी घरी शिकतो. मला अपूर्णांक आणि थोडे बीजगणित येते. दुर्बिणींबद्दल मी वाचले आहे,’ अशा स्वरूपाचे खरे उत्तर मुलाबरोबर बसून आधी तयार करावे. समजावणाऱ्याला इयत्तेपेक्षा या उत्तराचा अधिक उपयोग होतो. त्यानंतर पालकांनी दोन पावले मागे उभे राहावे. मुलाचा प्रश्न चुकीच्या शब्दांत आला तरी तो सुधारू नये. काय विचारायचे आहे हे समोरच्या माणसाला बहुधा समजते, आणि समजले नाही तर तो पुन्हा विचारतो. पुन्हा विचारले गेल्यावर आपलाच प्रश्न नव्याने मांडायला मूल शिकते, आणि ही संधी घरी सहसा मिळत नाही.

एका दिवसात सर्व काही पाहण्याचा आग्रह

शाळेच्या गटाला ठरावीक वेळेत सगळ्या दालनांतून फिरून बसमध्ये बसायचे असते. घरी शिकणाऱ्या मुलाला ती सक्ती नसते, आणि हा त्याचा मोठाच लाभ आहे. आयुकाच्या इमारतीत फूको लंबक आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचा पुरावा म्हणून लेआँ फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसमध्ये असाच लंबक लोकांना दाखवला होता. लंबकाच्या झोक्याची दिशा ध्रुवावर सुमारे २४ तासांत पूर्ण फिरते, विषुववृत्तावर मुळीच फिरत नाही आणि पुण्याच्या साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर तिला एका फेरीसाठी सुमारे ७५ तास लागतात. म्हणजे तासाभरात ती पाच अंशांहूनही कमी सरकते. दोन मिनिटे उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याला केवळ एक झुलणारा गोळा दिसतो. लंबक चालू असेल तर सकाळी पोहोचताच तो जमिनीवरील कोणत्या खुणेच्या रेषेत झुलतो आहे हे वहीत रेखाटून ठेवावे, दोन तासांनी परत यावे आणि सुमारे नऊ-दहा अंशांचा फरक मुलाला स्वतः मोजू द्यावा. त्रिकोणमिती शिकणारे मूल असेल तर २४ तासांना अक्षांशाच्या साइनने भागून ७५ हा आकडा ते घरी काढू शकेल. एवढे एकच पाहून झाले आणि निम्मी दालने राहिली, तरी दिवस सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

खोडदला जाताना

पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या या ठिकाणी मोबाइल हा खरा अडथळा असतो. दूरवरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी अत्यंत क्षीण असतात आणि जवळचा एक चालू फोन त्यांना सहज झाकून टाकतो, म्हणून आवारात तो बंद ठेवण्याची सूचना काटेकोरपणे पाळावी. भेटण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवावी. वही, पेन्सिल आणि मनगटी घड्याळ बरोबर घ्यावे.

तेथे ४५ मीटर व्यासाच्या, तबकडीच्या आकाराच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. त्या सर्व एकाच फेरीत दिसतील या अपेक्षेने जाऊ नये. ‘तबकडीला भोके का?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न फार चांगला आहे. तारांच्या जाळीतील छिद्रे येणाऱ्या लहरींच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असल्याने लहरींना ती जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते, आणि जाळीतून वारा आरपार जात असल्यामुळे रचना हलकी ठेवता येते. पण हे उत्तर पालकांनी गाडीतच सांगून टाकू नये.

ऐन वेळी काही बिघडले तर

सभागृह भरले असेल तर दारात ताटकळत न राहता पोस्टरच्या दालनात जावे, कारण व्याख्यान सुरू असताना तेथे गर्दी ओसरते. धाकटे भावंड कंटाळले तर आई-बाबांनी वाटून घ्यावे आणि एकाने त्याला बाहेर सावलीत न्यावे. फेब्रुवारीअखेरचे दुपारचे ऊन लहान मुलांना सोसत नाही. मोठे मूल अबोल झाले तर ‘विचार ना काहीतरी’ असा तगादा लावू नये.

घरी आल्यावर विषय संपवणे

शाळेत निदान एखादा निबंध तरी लिहून घेतला जातो. येथे पुढचे सारे घरावरच असते. राहिलेले प्रश्न मुलाच्याच शब्दांत संस्थेला ई-मेलने पाठवावेत. आयुकामध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्याने होतात, त्यांचे वेळापत्रक पाहावे.

मुलाला या विषयात खरी गोडी लागली आहे असे दिसले तर परीक्षेचा विचार लांबणीवर टाकू नये. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५ आहे. तेथे विषय निवडण्याची मोकळीक असल्याने अवघड वाटणारे गणित सोडून देण्याचा मोह होतो, आणि भौतिकशास्त्राकडे जाणारी वाट तेथेच बंद होते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला प्रात्यक्षिक परीक्षाही असते, त्यामुळे आपले अभ्यासकेंद्र प्रयोगशाळेची सोय प्रत्यक्षात देते का, हे प्रवेश घेण्यापूर्वी तेथे जाऊन पाहावे.