‘समाजवाद’ या शब्दाचा अर्थ कसा लावावा

राजकीय लेखनात ‘समाजवाद’ हा शब्द आला की शब्दकोश उघडण्याआधी ते लेखन केव्हाचे आहे ते पाहावे. १८३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये समाजसुधारक रॉबर्ट ओवेनचे आणि फ्रान्समध्ये विचारवंत सेंट-सिमाँचे अनुयायी हा शब्द वापरू लागले, तेव्हा त्याचा रोख मुख्यतः व्यक्तिवादावर आणि जीवघेण्या स्पर्धेवर होता.

त्यानंतर मजकुराला तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे टिपणात तीन रकान्यांत मांडावीत : उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची असावीत, त्यांविषयीचे निर्णय कोणी घ्यावेत आणि तिथवर कोणत्या मार्गाने जावे. सामाजिक मालकी म्हणजे सरकारी मालकी, असे आपण नकळत धरून चालतो आणि सहकारी संस्था किंवा कामगार मंडळे हे पर्याय नजरेआड होतात. ही चूक कटाक्षाने टाळावी.

मार्क्स वाचताना अधिक सावध राहावे. १८७५ मध्ये जर्मन कामगार पक्षाच्या गोथा कार्यक्रमाची, म्हणजे धोरणपत्रिकेची, चिकित्सा करताना त्याने साम्यवादी समाजाच्याच दोन अवस्था सांगितल्या. त्यांपैकी पहिलीला ‘समाजवाद’ म्हणणे लेनिनच्या १९१७ मधील लेखनामुळे रूढ झाले. जर्मनीतील समाजवादी बर्नस्टाइन आणि रोझा लक्झेंबर्ग यांचा वाद मार्गाविषयीचा, म्हणजे सुधारणा की क्रांती असा होता. १९५९ मध्ये गोडेसबर्ग येथे जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने मात्र बाजारातील स्पर्धा स्वीकारून मालकीच्या प्रश्नाचे उत्तरच बदलले.

सरावासाठी डॉ. आंबेडकरांची दोन मते शेजारी ठेवून वाचावीत. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आपल्या पक्षाच्या वतीने लिहिलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या ताब्यात असावी आणि ही व्यवस्था संविधानातच नमूद करावी, अशी मागणी केली होती. पुढे १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सदस्य के. टी. शहा यांनी संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली, तेव्हा समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, असे सांगून त्यांनी ती नाकारली. त्याच भाषणात मार्गदर्शक तत्त्वांमध्ये समाजवादी आशय आधीच असल्याचेही त्यांनी दाखवून दिले. या दोन मतांपैकी एकाला खरे आणि दुसऱ्याला तडजोड ठरवण्याची घाई करू नये. पहिले एका पीडित समाजाचे मागणीपत्र होते, तर दुसरे मसुदा समितीच्या अध्यक्षाचे उत्तर. आणि येथे खरा पेच दुसऱ्या प्रश्नाचा, निर्णयाच्या अधिकाराचा आहे. मालकीवरून होणाऱ्या कित्येक वादांपेक्षा मला हा पेच अधिक मोलाचा वाटतो.

१९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘समाजवादी’ हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत आला. शोषणमुक्ती अशी त्याची व्याख्या करण्याचा १९७८ मधील प्रयत्न राज्यसभेत अयशस्वी ठरल्यामुळे त्याचा अर्थ न्यायनिर्णयांतून शोधावा लागतो. १९८२ च्या नाकरा खटल्यात, जो निवृत्तिवेतनाविषयीचा होता, सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्न आणि राहणीमानातील विषमता दूर करण्यावर भर दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता असा अर्थ सांगून खासगी उद्योगाला त्यामुळे आडकाठी होत नाही, असे स्पष्ट केले. हे दोन्ही अर्थ आपल्या टिपणात वर्षासह नोंदवावेत आणि मालकीचा रकाना २०२४ च्या निर्णयापुढे मोकळाच ठेवावा.