दारणेतल्या माशाचा डीएनए बारकोड कसा काढायचा

देवळालीजवळच्या दारणा नदीतून १९३८ साली होरा आणि मिश्रा यांनी एका छोट्या माशाचं वर्णन केलं: पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी. आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याचे भाईबंद सह्याद्रीच्या ओढ्यांमध्ये आहेत आणि नुसत्या नजरेनं त्यांना वेगळं करताना जाणकारही अडतात. म्हणून नाशिकच्या प्रत्येक प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मी बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं, शिकवतो. मूळ जागा आपल्या नदीची आहे. नावाचा वाद उठला की पडताळायला इथलाच नमुना लागणार.

आधी परवानगी. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाळं टाकायचं नाही.

मासा हाती आला की तो ताजा असतानाच फोटो घ्या: डोकं डावीकडे, पर पसरलेले, शेजारी मोजपट्टी. मेल्यावर रंग उडतो. ज्या भोईदादांनी तो काढला, ते त्याला काय म्हणतात तेही वहीत लिहा. कुठला मासा कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात मिळतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मग उजव्या बाजूच्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापा. दुर्मीळ मासा असेल तर एवढ्यावर थांबा आणि त्याला पाण्यात सोडा. तुकडा थेट निव्वळ इथेनॉलमध्ये टाका. फॉर्मॅलिन अजिबात नको, त्यात डीएनए खराब होतो. कुपीत तुकड्याच्या कैकपट इथेनॉल हवं आणि दुसऱ्या दिवशी ते बदला. लेबल पेन्सिलनं लिहून कुपीच्या आत टाका, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. दोन माशांच्या मध्ये कात्री स्पिरिटनं पुसून ज्योतीवर धरा, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्यात मिसळतो.

प्रयोगशाळेत मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा पीसीआरनं वाढवतात, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढतात. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांसाठी हाच सुचवला. सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमानं वाचणं, दोन्ही दिशांनी करून घ्या. आलेली अक्षरं प्रथिनाच्या भाषेत वाचून पाहा. मध्येच थांबा-खूण (प्रथिन तिथेच तोडणारी अक्षरं) आली तर तो खरा सीओआय नसावा किंवा वाचनात चूक झाली असावी.

आता खरं काम. बोल्ड किंवा जेनबँक या डीएनए नोंदींच्या सार्वजनिक संग्रहांमध्ये ९९ टक्के जुळलं म्हणून लगेच नाव लिहून मोकळं होऊ नका. ती नोंद कुणी केली, मासा कुठल्या नदीचा, नमुना कुठल्या संग्रहात ठेवलाय, हे पाहा. चुकीच्या नावानं चढलेली एक नोंद पुढे दहा जणांची दिशाभूल करते. दोन टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर वेगळी जात असू शकते, पण दोन टक्के हा काही कायदा नाही. काटे, खवले, मिशा मोजाव्याच लागतात.

आणखी एक मर्यादा आहे. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो, त्यामुळे हॅचरीतल्या (मत्स्यबीज केंद्रातल्या) रोहू-कटला संकराचा बारकोड फक्त आईची जात सांगेल. पण बंदी असलेला आफ्रिकन मांगूर देशी मांगूर म्हणून विकला जात असेल, तर ते बारकोड चोख सांगतो. बीज तलावात सोडण्याआधीच ही तपासणी करून घ्यावी.

नोंद बोल्डवर चढवताना संकटग्रस्त माशाचा नेमका डोह जाहीर करू नका, नदी आणि तालुका पुरे. एक प्रत गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या, म्हणजे लोक जैवविविधता नोंदवहीत तो मासा भोईदादांनी सांगितलेल्या नावासकट येईल.