सिएटलचं जुनं गाव पायी कसं बघायचं

आईबाबा किंवा पाहुणे आले की आपण स्पेस नीडल आणि पाईक प्लेस मार्केट दाखवून मोकळे होतो. पण हे शहर जिथं उभं राहिलं त्या पायोनियर स्क्वेअरसाठी एक दिवस काढाच, आणि शक्यतो या क्रमाने बघा.

सकाळी वॉटर टॅक्सीने पलीकडे जाऊन अल्काय बीच गाठा. 13 नोव्हेंबर 1851 ला हे गाव वसवणाऱ्या आर्थर डेनीची मंडळी बायकापोरांसकट इथे भर पावसात जहाजातून उतरली आणि राहायच्या लाकडी केबिनवर छप्परच नव्हतं! पुढच्याच वर्षी ते खाडीच्या या बाजूला, म्हणजे आजच्या पायोनियर स्क्वेअरकडे आले कारण इथे पाणी खोल, जहाजं लागायला सोपं.

परत आलात की थेट येस्लर वे वर जाऊन उभे राहा आणि उत्तरेकडून येणारे रस्ते नीट बघा, इथे येऊन ते चक्क वाकतात. 1853 मध्ये डेनीने आपले प्लॉट किनाऱ्याला धरून आखले आणि शेजारच्या डॉक मेनार्डने सरळ उत्तर-दक्षिण, दोघंही हटले नाहीत, तो सांधा आजही तसाच आहे. मेनार्ड प्यायलेला होता म्हणून असं झालं अशी गोष्ट ऐकायला मिळते, तो प्यायचा हे खरंच, पण अमेरिकेत सरकारी मोजणी उत्तर-दक्षिणच चालायची, त्यामुळे चूक त्याची म्हणता येत नाही. मला तर हा माणूस फार आवडतो. गावात कारागीर यावेत म्हणून स्वतःची जमीन कवडीमोलाने देऊन टाकायचा आणि इथल्या मूळ रहिवासी दुवामिश-सुक्वामिश लोकांच्या प्रमुखाचं, म्हणजे सिएटलचं, नाव गावाला द्यायचा आग्रहही त्याचाच. हा येस्लर वे म्हणजे हेन्री येस्लरच्या वाफेवरच्या लाकूड गिरणीचा रस्ता, वरच्या टेकडीवरून ओंडके घसरत यायचे ते इथूनच.

मग अंडरग्राउंड टूर, म्हणजे आजच्या रस्त्यांखाली राहिलेल्या जुन्या फुटपाथांची सफर, घ्या. जिने बरेच आहेत, गुडघे दुखत असतील तर आधी चौकशी करा. 6 जून 1889 ला एका सुतारकामाच्या दुकानात सरस उकळताना आग लागली, पाण्याला प्रेशर नाही, अख्खी बाजारपेठ जळाली. नंतर इमारती विटा-दगडाच्या झाल्या आणि रस्ते एक मजला, कुठे त्याहून जास्त वर उचलले पण फुटपाथ खालीच राहिले, लोक शिडीने चढउतार करायचे. पुढे वर नवे फुटपाथ घातले आणि खाली उजेड यावा म्हणून त्यात काचेचे ठोकळे बसवले. मूळ काच बिनरंगी होती, त्यातल्या मँगनीजमुळे उन्हाने जांभळी पडलीये. आधी वरून चालताना ती बघून ठेवा, मग खालून बघा.

वेळ उरला तर क्लोंडाइक गोल्ड रशचं, म्हणजे कॅनडातल्या क्लोंडाइककडे सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीचं, म्युझियम फुकट आहे, 1897 ला 'पोर्टलंड' बोट अलास्काकडून सोनं घेऊन आली आणि तिकडे निघालेल्यांना सामान विकून इथल्या दुकानदारांची चांदी झाली.

शेवटी कॅपिटॉल हिलवरचं लेक व्ह्यू स्मशान. सगळे ब्रूस लीच्या थडग्याशी फोटो काढून निघतात, तुम्ही तसं करू नका. मेनार्ड, येस्लर इथेच आहेत, आणि प्रमुख सिएटलची मुलगी किकिसोब्लू, जिला गोरे लोक प्रिन्सेस अँजेलीन म्हणायचे, तीही. 1865 मध्ये याच गावाने मूळ रहिवाशांना गावात राहायला बंदी केली, ती मात्र 1896 ला जाईपर्यंत किनाऱ्याजवळच्या झोपडीत राहिली, लोकांचे कपडे धुऊन पोट भरलं. पाहुण्यांना तिची गोष्ट आवर्जून सांगा. गेट संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे वेळ आधी बघून निघा.