हॅस्केलमध्ये हालचाल ओळखायची तर

कॅमेऱ्यासमोर काही हललं का, एवढंच ओळखायचं असेल तर सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नका. मी केली होती. सी++ची लायब्ररी हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेला जोडण्यातच आठवडा गेला. आता एफएफएमपेग या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमलाच सांगतो: 640×480, ग्रे, रॉ व्हिडिओ, स्टँडर्ड आउटपुटवर सोड. आपल्याकडे नुसते बाइट येतात; दर 307200 बाइटला एक फ्रेम.

ती फ्रेम लिस्टमध्ये भरू नका. 64 बिट जीएचसीत (हॅस्केलचा कंपायलर) लिस्टच्या एकेका दुव्यालाच 24 बाइट लागतात, आणि पिक्सेल असतो एक बाइटचा! अनबॉक्स्ड व्हेक्टर घ्या, त्यात नुसते बाइट एकापुढे एक बसतात.

मग एकच प्युअर फंक्शन (तेच दिलं की दर वेळी तेच परत देणारं) लिहा: जुनी स्थिती आणि नवी फ्रेम द्यायची, नवी स्थिती घ्यायची. स्थितीत दोन गोष्टी: पार्श्वभूमी आणि हललेल्या फ्रेमची संख्या. पार्श्वभूमी फ्लोटमध्ये ठेवा आणि दर वेळी नव्या फ्रेमशी असलेल्या फरकाच्या 0.05 पट तिच्याकडे सरकवा. फरक 25च्या वर गेलेले पिक्सेल मोजा. 3000 भरले तर हललं. (हे आकडे माझ्या खोलीतल्या उजेडाचे, तुमचे वेगळे निघतील.) वजाबाकी वर्ड8मध्ये (फक्त 0 ते 255 धरणारा प्रकार) मात्र करू नका. तिथे 10 वजा 12 म्हणजे 254, आणि रिकामी भिंतही नाचायला लागते.

सगळ्या फ्रेमवर हे फंक्शन फोल्डने चालवायचं, म्हणजे एकेक फ्रेम देत स्थिती पुढे न्यायची. साधा फोल्डएल नको, प्राइमवाला (foldl', दर पायरीला स्थिती उघडून बघणारा) घ्या, हे सगळेच सांगतात. मीही तोच घेतला होता, तरी मेमरी सेकंदाला 9 एमबीच्या वर फुगत होती. हॅस्केल गरज पडेपर्यंत हिशोब करत नाही, आणि माझी स्थिती म्हणजे साधी जोडी होती. प्राइमवाला फोल्ड जोडीचं फक्त वरचं कवच उघडतो, आतलं तसंच राहतं. मला शेवटी फक्त संख्या छापायची होती, त्यामुळे प्रत्येक फ्रेमची तुलना 'नंतर बघू' म्हणून पडून राहिली, आणि तिने आपली फ्रेम धरून ठेवली. जोडीऐवजी रेकॉर्ड केला, दोन्ही फील्डना उद्गारचिन्ह लावलं (म्हणजे हिशोब लगेच कर), फुगणं थांबलं. तुम्ही आधीच तपासा: आरटीएसऑप्ट्स (-rtsopts) देऊन कंपाइल करा, एस फ्लॅगने (+RTS -s) चालवा आणि 'मॅक्सिमम रेसिडेन्सी', म्हणजे एका वेळी अडकलेली जास्तीत जास्त मेमरी, बघा. व्हिडिओ दुप्पट लांब केल्यावर तो आकडा दुप्पट झाला, तर फ्रेम कुठेतरी अडकल्या आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? दिवा लावला की माझा प्रोग्रॅम 'हललं' म्हणायचा. तेवढे बाइट फाइलमध्ये साठवले आणि फंक्शनला तेच पुन्हा पुन्हा दिले. दर वेळी नेमक्या त्याच फ्रेमला चूक. कॅमेरा तेव्हा कपाटात होता.