नोकरी सांभाळून संगणकशास्त्रात पीएच.डी.: कोल्हापूरकरांसाठी

आधी विषय आणि मग गाइड, हा क्रम उलटा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची यादी घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहाय्यक प्राध्यापकाकडे ४ च विद्यार्थी चालतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. एवढ्यावरच निम्मी नावं गळतात. उरलेल्यांचे अलीकडचे पेपर डीबीएलपीवर (संगणकशास्त्रातल्या पेपरांची ऑनलाइन सूची) बघा आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, ड्राफ्ट वाचून परत यायला किती दिवस लागतात. गाइडच्या नावापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात 'फक्त पीएच.डी.साठी पात्र' असं आलं असेल तर ते गुण प्रवेशाला एकच वर्ष चालतात. गाइड न ठरवता परीक्षा दिली की ते वर्ष असंच जातं. नोकरी करता त्या कॉलेजकडून एनओसी (ना हरकत पत्र) घेताना 'कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कार्यमुक्त करू' हे वाक्य त्यात आहे ना, हे बघूनच सही घ्या. कोर्सवर्क (सुरुवातीचा अनिवार्य अभ्यासक्रम) किमान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात ५५ टक्के लागतात.

आता विषय. आपल्याकडे दर दुसरा प्रस्ताव उसाच्या पानावरचा रोग फोटोवरून संगणकाने ओळखण्याचा असतो. विषय वाईट नाही, पण तयार डेटावर भिस्त ठेवू नका. पानांच्या फोटोंच्या प्रसिद्ध प्लांटव्हिलेज संचात १४ पिकं आहेत आणि ऊस त्यात नाहीच. शिवाय ते फोटो तोडलेल्या पानांचे, साध्या पार्श्वभूमीवरचे. त्यावर ९९ टक्के अचूकता दाखवणारं मॉडेल शिरोळच्या फडात उन्हा-सावलीत आपटतं. फोटो स्वतः काढा. प्रत्येक फोटोसोबत प्लॉट, तारीख, उसाची जात आणि मोबाइलचं मॉडेल नोंदवा. रोगाचं लेबल दोन जाणकारांकडून वेगवेगळं लावून घ्या. त्यांचं जिथे पटत नाही ते फोटो फेकू नका, तिथेच खरा प्रश्न असतो.

सगळ्यात जास्त घोळ डेटा विभागताना होतो. एकाच पानाचे चार फोटो काढले आणि सरसकट ८०-२० केलं (८० टक्के मॉडेलला शिकवायला म्हणजे ट्रेनिंगला, २० टक्के तपासायला म्हणजे टेस्टला), की तेच पान ट्रेनिंगमध्येही येतं आणि टेस्टमध्येही. मॉडेल रोग नव्हे, पान ओळखायला शिकतं. विभागणी प्लॉटनुसार करा, ऑगमेंटेशन (फोटो फिरवून, उजेड बदलून संख्या वाढवणं) विभागणीनंतर आणि फक्त ट्रेनिंग संचावर. निदान पाच वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक सुरुवातीच्या आकड्यांवर) चालवून सरासरीसोबत प्रमाण विचलन द्या. अचूकतेचा आकडा खाली येईल, येऊ द्या.

आठवड्यात 'ॲक्सेप्टेड' कळवून पैसे मागणाऱ्या जर्नलला पेपर देऊ नका. संगणकशास्त्रात चांगल्या परिषदेतला पेपरही वजनदार मानला जातो, पण विद्यापीठ तो मोजतं का, हे लेखी विचारून घ्या. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुढे सर्वसाधारणपणे फार तर दोन वर्षांची वाढ मिळते. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. तिथल्या सूचनांची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागा.