जुन्या काळातले बेसबॉलचे आकडे वाचताना या चुका टाळा

क्रिकेटवर वाढलेले आपण बेसबॉलच्या जुन्या नोंदी उघडतो आणि थेट बॅटिंग अॅव्हरेजच्या रकान्याकडे वळतो. सगळ्यात मोठी चूक हीच. ही सरासरी म्हणजे हिट (फटका मारून गाठलेला बेस) भागिले अॅट-बॅट (मोजल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या संधी). तिच्यात वॉक, म्हणजे स्ट्राइक झोनच्या (ठरलेल्या चौकटीच्या) बाहेरचे चार चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस, मोजलाच जात नाही. ऑन-बेस पर्सेंटेजमध्ये, म्हणजे फलंदाज किती प्रमाणात बेसवर पोहोचला या आकड्यात, तो मोजला जातो. पण हा आकडा अधिकृत झाला १९८४ मध्ये, त्यामुळे आधीच्या कित्येक खेळाडूंचं त्यांच्या काळात नीट कौतुकच झालं नाही.

वॉशिंग्टन सेनेटर्सचा एडी योस्ट घ्या. १९५६ मधली त्याची सरासरी ०.२३१. एवढं बघून कुणीही पुढचं नाव शोधेल. पण त्याच सीझनमध्ये त्याने १५१ वॉक काढले आणि त्याचं ऑन-बेस होतं ०.४१२. कारकिर्दीत १,६१४ वॉक, म्हणून त्याचं टोपणनावच ‘द वॉकिंग मॅन’. वॉक ही पिचरची (चेंडू फेकणाऱ्याची) चूक, त्यात फलंदाजाचं काय, असं म्हणू नका. सहा सीझन लीगमध्ये सर्वाधिक वॉक त्याच्या नावावर आहेत. झोनच्या जेमतेम बाहेरचा चेंडू सोडून देणं हे अस्सल कौशल्य आहे, आणि माझ्या मते बेसबॉलमधलं सर्वांत कमी वाखाणलेलं.

ऑन-बेसचं गणित स्वतः केलं आणि उत्तर जुळलं नाही, तर भाजक तपासा. वॉक आणि अंगाला लागलेला चेंडू अॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. ते वर आणि खाली, दोन्हीकडे मिळवावे लागतात. टेड विल्यम्स, १९४१: ४५६ अॅट-बॅट, १८५ हिट, १४७ वॉक, ३ वेळा चेंडू अंगावर. वर ३३५, खाली ६०६, उत्तर ०.५५३. त्या काळी सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे स्वतः झेलबाद होऊन साथीदाराला धाव मिळवून देणारा उंच फटका, साध्या आऊटसारखा अॅट-बॅटमध्येच जायचा. आजच्या नियमाने त्याची गाजलेली ०.४०६ सरासरी आणखी वर गेली असती, ऑन-बेस मात्र तेवढंच राहिलं असतं, कारण आज सॅक्रिफाइस फ्लाय त्याच्या भाजकात असतोच.

बक्षिसांची यादी म्हणजे गुणवत्ता, हाही गैरसमज सोडा. १९५४ मध्ये विल्यम्सची सरासरी ०.३४५ होती, तरी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल) सर्वाधिक सरासरीचा फलंदाजीचा किताब ०.३४१ वाल्या बॉबी अविलाला मिळाला. अट ४०० अॅट-बॅटची होती आणि विल्यम्सचे भरले ३८६. का? त्याने १३६ वॉक घेतले होते! संघासाठी बेस गाठत राहिला आणि त्याचीच त्याला शिक्षा झाली. पुढे १९५७ पासून पात्रता प्लेट अपिअरन्सवर, म्हणजे वॉकसकट सगळ्या संधींवर, ठरू लागली.

१८८७ चे आकडे तर जपूनच वापरा. त्या एका सीझनला वॉक हिट म्हणून धरले होते. टिप ओ’नीलची सरासरी त्यामुळे ०.५०० च्या आसपास गेलेली दिसते. वॉक वगळले की ०.४३५.

आणि दोन काळांतले आकडे एकमेकांसमोर ठेवण्याआधी त्या त्या वर्षीची लीगची सरासरी काढा. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी ०.३०३ होती. १९६८ मध्ये, पिचर वरचढ असताना, कार्ल यास्ट्रझेम्स्कीने अमेरिकन लीगचा किताब ०.३०१ वर जिंकला. त्या वर्षीचं त्याचं ऑन-बेस होतं ०.४२६. पुढच्याच सीझनला पिचरचा माउंड, म्हणजे तो ज्यावरून चेंडू फेकतो तो उंचवटा, १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला.